शेजारच्या खोदकामात सामाईक ड्रेनेज लाईन फुटली: दुरुस्ती कोणाची, आणि घराचा विमा कुठपर्यंत?

वरचं_घर

मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे, उताराच्या जागेवर आम्हा तीन चुलत भावांची घरं आहेत. जमिनीची वाटणी १९९८ ला झाली, सातबारे वेगळे झाले. २००३ मध्ये तिघांनी वर्गणी काढून एकच सेप्टिक टाकी बांधली, ती सगळ्यात खालच्या प्लॉटमध्ये आहे. ग्रामपंचायतीचं गटार इथपर्यंत आलेलं नाही.

लाईन ११० मिमीच्या राखाडी पाईपची, एकूण साधारण २७ मीटर. पहिले ५ मीटर आमच्या (वरच्या) प्लॉटमध्ये, पुढचे ७ मीटर मधल्या प्लॉटमध्ये, मग मधल्या घराचं चेंबर. तिथून १५ मीटर टाकीपर्यंत. त्यातल्या शेवटच्या ६ मीटरवर खालच्या घराची लाईन येऊन मिळते. वर दिसणारी सिमेंटच्या झाकणांची चेंबर तीन.

मधल्या भावाने बोअरच्या पाण्याची लाईन टाकायला जेसीबीने चर घेतला. त्यात ड्रेनेजचा पाईप त्याच्या चेंबरच्या दीडेक मीटर अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, फुटला. मैला चरात साचतोय. पिण्याची विहीर तिथून अंदाजे १५ मीटरवर आहे. मधला भाऊ म्हणतो, "तुमचा पाईप, तुम्ही नीट करा." जेसीबीवाला म्हणतो, पाईप फूटभरच खोल होता, माझा दोष नाही. आमच्या घराला कर्जासोबत घेतलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, बाकी दोघांकडे विमा नाही. खर्च कोणाचा? विमा मिळेल का? आणि दुरुस्ती कशी करायची, म्हणजे पुन्हा हेच नको?

उतारमापी

पैशांचं बोलणं नंतर. चर बुजवू नका आणि फुटलेला तुकडा फेकू नका. पाईप का फुटला हे तो तुकडाच सांगतो, आणि पुढे विमा कंपनीपुढे किंवा पंचांपुढे तोच कामी येतो.

जेसीबीच्या बकेटचा दात लागला असेल तर एका बाजूने ताजं, धारदार कडांचं भोक दिसतं, पाईपवर समांतर ओरखडे असतात आणि आजूबाजूची माती स्वच्छ असते. पाईप अंडाकृती दबलेला आणि वरच्या माथ्यावर व दोन्ही कुशींना (बाजूंना) लांबट तडे, म्हणजे वरून टँकर किंवा ट्रॅक्टर गेल्याचा भार. सांध्यातून केसांसारखी मुळं आत आली असतील किंवा पाईपखालची माती काळी, चिकट आणि कुजकट वासाची असेल, तर ती गळती जुनी आहे, जेसीबीने फक्त उघडी पाडली. पाईप पांढुरका पडून हाताने तुटत असेल तर टाकण्याआधी तो उन्हात पडून राहिलेला होता.

फोटो काढताना टेप लावा: जमिनीपासून पाईपच्या माथ्यापर्यंतची खोली, दोन्ही चेंबरपासूनचं अंतर, चराची दिशा. दोन्ही चेंबरची झाकणं एकाच फोटोत आली पाहिजेत. खोली ३० सेंमी असेल तर ती कमीच आहे, हे मान्य करावं लागेल. पण दोन झाकणं डोळ्यांसमोर असताना त्यांना जोडणाऱ्या रेषेवर पाईप असणार हे खोदणाऱ्याला कळायला हवं. तिथे आधी कुदळीने हाताने तपासून मग मशीन लावायची असते. म्हणून "उथळ होता" या सबबीने जबाबदारी कमी होईल, संपणार नाही.

आजच करायचं काम: तुमच्या घरचा वापर शक्य तितका थांबवा आणि मैला उपसणारी गाडी बोलावून चर रिकामा करून घ्या. विहिरीचं पाणी पिणं बंद.

दावा_पाहणी

विम्याचं सविस्तर लिहितो, कारण यात बहुतेकांची गल्लत होते.

भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावीच लागणारी प्रमाणित पॉलिसी आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ शब्द सारखेच. त्यातल्या घराच्या व्याख्येत कंपाउंडची भिंत, अंतर्गत रस्ते, पाण्याच्या पक्क्या टाक्या यांच्यासोबत सेप्टिक टाकीचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे "जमिनीखालचं आम्ही धरत नाही" असं कोणी तोंडी सांगितलं तर ते बरोबर नाही.

पण पॉलिसी घटनेवर पैसे देते, झिजेवर नाही. घटना म्हणजे आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे, बाहेरच्या वस्तूची धडक, पाण्याच्या टाक्या व पाईप फुटणे किंवा ओसंडणे वगैरे. सांधा हळूहळू सुटला, मुळं शिरली, उतार बसला, यांत काही मिळत नाही. म्हणून वर पाईपचा तुकडा जपायला सांगितलंय ते फार महत्त्वाचं.

जेसीबीच्या बाबतीत एक बारकावा आहे. बकेट थेट पाईपला लागून तो फुटला, तर ते बाहेरच्या वस्तूच्या धडकेत बसवता येतं. पण चर घेतल्यामुळे बाजूची माती सरकली आणि चार दिवसांनी पाईप वाकला, तर ते "जमीन खचणे" या कलमाखाली जातं, आणि त्या कलमातून खोदकामामुळे, बांधकामामुळे किंवा भरावाच्या मातीच्या बसण्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. दाव्याच्या अर्जात "जमीन खचून पाईप तुटला" असं सहज लिहून गेलात तर दावा तिथेच संपतो. झालं तेच लिहा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, यंत्राची बकेट लागून पाईप फुटला.

आता तुमची खरी अडचण. फुटलेली जागा मधल्या प्लॉटमध्ये आहे. तुमच्या पॉलिसीत तुमचा पत्ता, तुमची इमारत आणि तिच्या आवारातल्या गोष्टी. हद्दीबाहेरचा पाईप विमा उतरवलेली मालमत्ता म्हणून दाखवणं कठीण आहे. पाईपच्या दुरुस्तीसाठी दावा मान्य होण्याची शक्यता मला कमी वाटते. मात्र लाईन तुंबून मैला तुमच्या न्हाणीघरात उलटा आला असेल आणि फरशी, दारं, सामान खराब झालं असेल, तर तो भाग वेगळा आहे. ते नुकसान तुमच्या घरात झालंय, आणि पाईप ओसंडण्याचं कलम तिथे मांडता येतं. घराच्या विम्यासोबत सामानाचंही संरक्षण आपोआप असतं: इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. काही कर्जदारांनी ते नको म्हणून सही केलेली असते, पॉलिसीचा तक्ता उघडून बघा.

लगेच कंपनीला कळवा आणि नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज भरा. सर्व्हेअर येण्याआधी फक्त नुकसान वाढू नये इतकंच काम करा, त्याची बिलं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जेसीबीवाल्याला किंवा भावाला "आमची काही तक्रार नाही" असा कागद लिहून देऊ नका. विमा कंपनी पैसे दिल्यावर ते ज्याने नुकसान केलं त्याच्याकडून वसूल करू शकते. तुम्ही आधीच त्याला मोकळं केलंत तर तुमचा दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

विहीर दूषित झाली, खालच्या घराच्या भाजीच्या वाफ्यात मैला गेला, अशी दुसऱ्याची भरपाई या पॉलिसीत मुळातच नाही. त्यासाठी त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीच्या दायित्वाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, काही गृहविमा पॅकेजमध्ये ते मिळतं. कंपनीने नाकारलं तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, मग पुण्यातच असलेल्या विमा लोकपालांच्या कार्यालयात. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

पाटीलवाडा

तहसीलदारांकडे अर्ज टाका. मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडथळा काढून देतात.

हक्कनोंद

पाटीलवाडा, ते कलम इथे लागू होत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात शेतीच्या वाटा आणि पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याला केलेला अडथळा येतो. घराच्या मैल्याचा जमिनीखालचा पाईप त्यात बसत नाही. अर्ज फेटाळला जातो आणि तेवढे महिने वाया जातात.

इथे लागू पडतो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांततेने, अखंड २० वर्षं हक्क म्हणून वापर झाला की कलम १५ खाली तो हक्क पक्का होतो. २००३ पासून मोजलं तर २० वर्षं भरली. मधला भाऊ दोन गोष्टी म्हणू शकतो. पहिली, पाईप जमिनीखाली म्हणजे उघड नव्हता. त्याला उत्तर तुमची वर दिसणारी झाकणं आणि तिघांची वर्गणी. दुसरी, "मी परवानगीने टाकू दिला", आणि परवानगीने केलेल्या वापरातून २० वर्षांचा हक्क तयार होत नाही. हा मुद्दा भाऊबंदकीत हमखास येतो. पण त्याच कायद्याच्या कलम ६० प्रमाणे, परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून कायमस्वरूपी काम केलं असेल तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी तुमची लाईन तिथे राहते. २००३ च्या वर्गणीचा हिशेब, गवंड्याची पावती, चिठ्ठी, काहीही असेल तर शोधून ठेवा.

खर्चाचं उत्तरही याच कायद्यात आहे. कलम २५: हक्क टिकवण्यासाठी लागणाऱ्या कामाचा खर्च तो वापरणाऱ्याचा. कलम २४: त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन खोदता येतं, पण जमीन पूर्ववत करून द्यायची. कलम २६: पाईपची देखभाल न केल्यामुळे शेजाऱ्याच्या जमिनीचं नुकसान झालं तर भरपाई वापरणाऱ्याने द्यायची. कलम २७: जमीनमालकाने तुमच्यासाठी काही करायला हवं असं नाही, पण हक्काला बाधा येईल असं काही करायचं नाही.

तुमच्या प्रकरणात लावून बघा. फुटलेली जागा मधल्या घराच्या चेंबरच्या अलीकडे आहे, तिथून फक्त तुमचं पाणी जातं. पाईप वयाने फुटला असता तर पूर्ण खर्च एकट्या तुमचा, मधल्याचा आणि खालच्याचा एक रुपयाही नाही. "तुमचा पाईप, तुम्ही बघा" हे वाक्य नेहमीच्या देखभालीपुरतं खरं आहे. पण इथे तो त्याच्या खोदकामाने फुटला, म्हणून कलम २७ येतं आणि या दुरुस्तीचा खर्च त्याचा. त्याने तो जेसीबीमालकाकडून घ्यायचा की नाही, हा त्या दोघांचा व्यवहार. जेसीबीच्या वाहन विम्यावर फार भिस्त नको. यंत्र रस्त्याने चालताना झालेलं नुकसान वेगळं. बकेटने खोदताना ते अवजार म्हणून वापरात असतं, आणि अशा वापरातली जबाबदारी वाहन पॉलिसीत बहुधा वगळलेली असते.

आधी तंटामुक्ती समिती किंवा तालुका विधी सेवा समितीकडे बसून मिटवा. तोवर पाईप जोडूच दिला नाही तर मात्र दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम.

वरचं_घर

तुकडा पाहिला. एका बाजूने भोक, ओरखडे आहेत, खालची माती स्वच्छ. हे दाखवल्यावर मधला भाऊ पाईपचा खर्च द्यायला तयार झाला, पण त्याची पाण्याची लाईन त्याच चरातून न्यायची आहे म्हणतो. आणि खालचा भाऊ म्हणतो, आता टाकीचाही उपसा यातच वाटून घ्या. तिन्ही घरांत मिळून १४ माणसं आहेत. टाकी आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १.३ मीटर.

उतारमापी

माती स्वच्छ आहे ही चांगली गोष्ट. आता दुरुस्ती.

राखाडी पाईप हा इमारतीच्या भिंतीवरून उतरणाऱ्या लाईनसाठीचा, आयएस (भारतीय मानक) १३५९२ चा. जमिनीखाली भार झेलायला विटकरी रंगाचा, आयएस १५३२८ चा पाईप मिळतो. त्यातला एसएन ४ घ्या (एसएन म्हणजे पाईपच्या ताठरपणाची श्रेणी, आकडा मोठा तितका कमी दबतो), वरून गाडी जाणार असेल तर एसएन ८. दुकानात बाहेरचा व्यास ११० मिमी आहे ना, हे मोजून घ्या, म्हणजे जुन्या पाईपशी जुळेल. रबर रिंगचे दोन रिपेअर कपलर लागतील, ज्यांच्या आत मधोमध अडसर नसतो.

तडा जिथे संपतो असं दिसतं त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी कापा, कारण केसासारखी चीर आणखी पुढे गेलेली असते. काप काटकोनात हवा. कडा कानसेने घासून तिरकी करा, नाहीतर रिंग दुमडते आणि सांधा पहिल्या दिवसापासून गळतो. दोन्ही कपलर जुन्या पाईपांवर पूर्ण मागे सरकवा, मधे नवा तुकडा दोन्हीकडे साधारण १० मिमी फट ठेवून बसवा, मग कपलर पुढे ओढून सांध्यावर आणा. कपलर किती पुढे यायला हवा ते मार्करने आधी खूण करून ठेवा. रिंगला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. सोल्युशनने चिकटवलेले सांधे तुमच्याकडे टाळा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि कडक सांधा तिथेच तडकतो.

उतार १ ला ६० धरला तर तुमच्या १२ मीटरला २० सेंमी पडतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही चेंबरच्या तळाची पातळी काढा. गवंड्याला हे येतं, फक्त तुम्ही समोर उभे राहा.

पाईपखाली १०० मिमी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू). कुशींमध्ये तीच हाताने ठासून भरा, पाईप दबतो तो कुशी पोकळ राहिल्या म्हणूनच. माथ्यावर १५० मिमीपर्यंत सँड, वर दगड वेचून काढलेला मुरूम, १५०-१५० मिमीच्या थरांत. बुजवण्याआधी खालच्या चेंबरमध्ये पाईपचं तोंड प्लगने बंद करून वरून पाणी भरा, खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर सांधा पुन्हा उघडा.

खोली ३० सेंमीच राहणार असेल आणि वरून कधी टँकर जाणार असेल, तर त्या पट्ट्यात पाईपभोवती १५० मिमी काँक्रीट घाला किंवा तो मोठ्या एनपी ३ (भार झेलणाऱ्या श्रेणीच्या) सिमेंट पाईपमधून न्या.

मधल्या भावाच्या पाण्याच्या लाईनबद्दल मात्र ठाम राहा. पिण्याची लाईन ड्रेनेजला समांतर असेल तर आडवं अंतर ३ मीटर हवं. त्याच चरात दोन्ही पाईप नकोत. बोअरची मोटर बंद झाली की लाईनमध्ये ओढ तयार होते, आणि एखादा सांधा सैल असला तर बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. फक्त ओलांडायची असेल तर पाण्याचा पाईप ड्रेनेजच्या वरून, मधे अर्धा मीटर ठेवून. तुमची लाईन उथळ असल्याने तेवढी जागा मिळणार नाही, म्हणून ओलांडण्याच्या जागी बिनसांध्याचा एचडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाईप घ्या, दोन्ही बाजूंना ३-३ मीटर सांधा येऊ देऊ नका, आणि तेवढा भाग जाड बाहेरच्या पाईपमधून न्या. हा खर्च त्याचा.

गावपाणी

टाकीचं माप आयएस २४७० च्या तक्त्यात १५ माणसांसाठी जे दिलंय त्याच्याशी जुळतं, पण १.३ मीटर खोली वर्षातून एकदा उपसा होणार हे धरून आहे. दोन वर्षांनी एकदा उपसायचं तर खोली २ मीटर लागते. म्हणजे तुमच्याकडे दरवर्षी गाडी बोलवायलाच हवी. उशीर झाला की गाळ शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) जातो, त्याचे दगड-वाळू बुजतात, आणि मग तुंबणं वरच्या घरापर्यंत येतं. हा खर्च तिघांचा, माणसांच्या प्रमाणात. पाईपच्या दुरुस्तीत तो मिसळू नका.

टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, झाकण तासभर उघडं ठेवलं असलं तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस तिथेच कोसळतो, मागून काढायला गेलेलाही. संरक्षणाशिवाय माणूस उतरवून सेप्टिक टाकी साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीचा पाईप वरून सोडूनच उपसा करा, आणि गाडीवाल्याचा माणूस आत जायला निघाला तर त्याला अडवा.

विहीर: पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन जिल्ह्याच्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक मदत करतो. १०० मिलि पाण्यात ई-कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात सापडता कामा नये. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची ती दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. पण गळती बंद होण्याआधी टीसीएल टाकून उपयोग नाही. चरातली भिजलेली माती काढून विहिरीच्या उताराच्या विरुद्ध बाजूला लांब पुरा. शोषखड्डाही विहिरीपासून १८ मीटरच्या आत असेल तर ती वेगळी काळजी, टेप लावून मोजा.

हक्कनोंद

भाऊ तयार झालाय तेव्हाच कागद करून घ्या. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करार खर्चाच्या वाटणीचा पुरावा म्हणून ठीक आहे, पण पाईप नेण्याचा कायमचा हक्क पक्का करायचा तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा आणि फेरफार करून मधल्या व खालच्या सातबाऱ्यावर "इतर हक्क" रकान्यात नोंद घ्यावी. उद्या कोणी प्लॉट विकला तर घेणाऱ्याला ती नोंद दिसते.

करारात लाईनचे तीन भाग लिहा. वरचे १२ मीटर: फक्त वरचं घर. पुढचे ९ मीटर: वरचं आणि मधलं, निम्मे-निम्मे. शेवटचे ६ मीटर: तिघे. टाकी, शोषखड्डा आणि उपसा: माणसांच्या प्रमाणात, दर जानेवारीत मोजून. कोणाच्या खोदकामाने, झाडाने किंवा वाहनाने नुकसान झालं तर खर्च त्याचा एकट्याचा. लाईनच्या दोन्ही बाजूंना एक मीटरमध्ये यंत्राने खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. दुरुस्तीसाठी आदल्या दिवशी सांगून आत यायला मुभा. सोबत चेंबरची अंतरं आणि खोल्या लिहिलेला नकाशा, त्यावर तिघांच्या सह्या.

दावा_पाहणी

त्या नकाशाची एक प्रत विमा कंपनीकडेही द्या. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी सामाईक टाकीतला तुमचा हिस्सा आणि दुसऱ्याच्या हद्दीतली १२ मीटरपैकी ७ मीटर लाईन विमा उतरवलेल्या मालमत्तेत लिहून घेता येते का, हे ईमेलने विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. बाकी दोघांनी पॉलिसी घेतली तर प्रत्येकाने टाकीचा आपापला हिस्साच धरावा. एकाच टाकीची पूर्ण किंमत तिघांनी लावली तरी दाव्यात ज्याला त्याला त्याच्या हिश्श्यापुरतंच मिळेल.

वरचं_घर

न्हाणीघरात मैला आला नव्हता, त्यामुळे सामानाचा दावा नाही. पाईपच्या बाबतीत कंपनीला फक्त लेखी कळवून ठेवतो. कपलर आणि एसएन ८ चा ३ मीटर तुकडा आणायला सांगितलाय, पाण्याची लाईन भाऊ वरच्या बांधाकडून वळवून नेणार आहे. पाणी भरून चाचणी झाली की आकडे इथे टाकतो.